निवृत्तीचा पैसा आणि हिब्याची घाई

नोकरी संपते त्या सुमारास बँकेच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम जमा होते. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार. तीस-पस्तीस वर्षे पगाराच्या तारखेवर घर चालवलेल्या माणसाने आपल्या पासबुकात एवढा आकडा कधी पाहिलेला नसतो, आणि तो आकडा घरात सर्वांना ठाऊक असतो. थोरल्याला दुकान टाकायचे असते, धाकट्याला वरचा मजला चढवायचा असतो, लेकीचे लग्न असते. मग अनेक घरांत एक वाक्य ऐकू येते : "अब्बा, शेवटी सगळं आमचंच आहे ना, मग आत्ताच नावावर करून टाका."

मुलांच्या मनात खोट असते असे नाही. पण हे वाक्य शरीअतीनेही चुकीचे आहे आणि हिशेबानेही.

आधी शरीअत पाहू. आपल्याकडे बापाच्या मिळकतीत मुलाला जन्मतः हिस्सा नाही. वारसा उघडतो तो मृत्यूनंतर. तेव्हाही आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज (न दिलेला मेहर हेही कर्जच), मग जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंतची वसियत, आणि त्यानंतर उरेल त्याची वाटणी. मुलेबाळे असतील तर पत्नीला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मा. बापाने हयातीतच घर मुलाला हिबा करून टाकले, तर मृत्यूनंतर वाटायला काय उरते? अम्मीचा आठवा हिस्सा आणि लेकींचे हिस्से कोणी नाकारले नाहीत, तरी ते संपलेले असतात. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. तसे नाही हे कळल्यावर साक्षीदार होण्यास नकार दिला. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

आता हिशेब. समजा, हाती 24 लाख आले आणि दोघा नवरा-बायकोचा महिन्याचा खर्च 18 हजार आहे. वर्षाला 2 लाख 16 हजार झाले. महागाई आणि दवाखाना बाजूला ठेवला तरी ही रक्कम 11 वर्षे पुरते. म्हणजे साठीला निवृत्त झालेला माणूस 71 पर्यंत पोहोचतो, आणि त्याची बीबी बहुधा त्याच्याहून लहान असते. यातले 12 लाख देऊन टाकले की साडेपाच वर्षेच उरतात. कारखान्यात किंवा खासगी कंपनीत नोकरी केलेल्यांना फंडाची जी पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम 2014 पासून दरमहा 1000 रुपये आहे. तिच्यावर गॅस आणि वीजबिलही भागत नाही.

मग मुलांना मदत करायचीच नाही काय? जरूर करावी, पण लिहून. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. त्यातून बाप-लेकाला वगळलेले नाही. दुकानासाठी पैसे द्यायचे तर ते कर्जे-हसना आहे की भागीदारी, हे आधी ठरवा. भांडवल तुमचे आणि मेहनत मुलाची असेल तर ती मुदारबत झाली. नफ्याचे प्रमाण आधी ठरते, पण भांडवल बुडाले तर ते तुमचे बुडते. म्हणून जेवढे बुडाले तरी घरखर्च चालेल, तेवढेच घाला.

हजचा पैसा आधी वेगळा काढा. प्रवासखर्च आणि परत येईपर्यंत घरच्यांचा खर्च ज्याला झेपतो, त्याच्यावर हज फर्ज होतो. लग्नातला थाट मात्र कोणावरच फर्ज नाही.

व्याज नको म्हणणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे. 'हलाल नफा' म्हणून दरमहा ठराविक रक्कम देण्याची हमी कोणी देत असेल तर तिथेच थांबा. खऱ्या भागीदारीत नफ्याची ठराविक रक्कम आधी सांगताच येत नाही. 2019 मध्ये बेंगळुरूची आयएमए कंपनी कोसळली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अशाच आशेत अडकली. त्यापेक्षा घरातली एक खोली भाड्याने देणे बरे. भाडे हलाल असते आणि दर महिन्याला येते.

राहत्या घराबाबत तर घाई नकोच. हिबा तोंडीही होऊ शकतो. देण्याचे बोल, स्वीकार आणि कब्जा या तीन गोष्टी पूर्ण झाल्या की तो झाला. हनफी मसलकात आई-वडिलांनी मुलाला दिलेला हिबा कब्जा दिल्यानंतर परत घेता येत नाही. कोकणातल्या शाफई बांधवांकडे वडिलांना ती मुभा आहे, पण ती बजावताना घर फुटते. द्यायचेच असेल तर वकिलाकडून दस्त करा आणि मुलाने सांभाळ करावा ही अट त्यात स्पष्ट लिहा. अशी अट असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. हा कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, आणि साठी ओलांडलेली आई किंवा वडील तो स्वतः करू शकतात.

एक हिबा मात्र वेळेवर करण्यासारखा आहे, तो बीबीच्या नावे. आठव्या हिश्श्यावर तिचे म्हातारपण निघत नाही. मेहर राहिला असेल तर तो याच पैशातून चुकता करा. ऐपत असेल तर एखादी खोली किंवा थोडे सोने तिच्या नावे करून प्रत्यक्ष तिच्या ताब्यात द्या.

निवृत्तीला वर्षभर राहिले असेल तर या महिन्यात दोघे एकत्र बसा. दोघांचा महिन्याचा खर्च, औषधपाणी, हज, राहिलेला मेहर आणि देणी एका कागदावर मांडा. जकात केव्हा आणि किती, ते आपल्या मुफ्तींना विचारून त्याच कागदावर लिहा. एवढे वजा करून जे उरेल, तेवढ्याचाच विचार मुलांसमोर काढा, आणि त्या बैठकीला लेकींनाही बोलवा.