कवीच्या हातातलं वर्तमानपत्र

कविता लिहायची असेल तर वर्तमानपत्रं बाजूला ठेव, असा सल्ला कविता करणाऱ्या पोरांना आजही दिला जातो. बातमी उद्या शिळी होते, तिच्या नादाला लागलेली कविताही शिळी होते, असं त्यामागचं म्हणणं. बाभुळगावात कुणी असं म्हटलं की मला जास्त लागतं. बापूजी अण्यांनी यवतमाळात सुरू केलेल्या 'लोकमत'ला पुढे नवा जन्म देणारे जवाहरलाल दर्डा या गावचे. निदान इथे तरी कविता आणि वर्तमानपत्र यांत भिंत घालू नये.

आधुनिक मराठी कविता ज्यांच्यापासून सुरू झाली असं आपण मानतो, त्या केशवसुतांकडेच बघा. ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. ती शाळा चालवणारी टिळक-आगरकरांची मंडळीच 'केसरी' काढत होती. पुढे मुंबईत केशवसुतांनी काही काळ 'ज्ञानोदय' या पत्रात नोकरीही केली. वर्तमानपत्राच्या इतक्या जवळ राहिलेला हा माणूस एकांतात फक्त फुलं-तारे न्याहाळत होता, हे मला पटत नाही.

त्यांच्या कविता तर याहून स्पष्ट बोलतात. १८८८ मध्ये 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न', १८८९ मध्ये 'मजुरावर उपासमारीची पाळी'. तो काळ कोणता? नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' या पत्रातून गिरणी कामगारांची बाजू मांडत होते, रविवारच्या सुटीसाठी झगडत होते. गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. केशवसुतांचे हे विषय त्या वर्षांच्या वर्तमानपत्री वादांतलेच आहेत.

यावर कुणी म्हणेल, त्यांची प्रेरणा इंग्रजी कवींची. सुनीताचा, म्हणजे सॉनेटचा, घाट तिकडून आला, हे मला मान्य आहे. पण उपाशी मजूर आणि अंत्यजाचं पोर इंग्रजी काव्यसंग्रहातून आले नाहीत. ते इथल्या रस्त्यावरून आणि इथल्या छापील कागदावरून आले.

राहिला शिळेपणाचा आक्षेप. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, ती बातमी संपली. मजुरावरची कविता मात्र आपण अजून वाचतो, कारण मजुराची भूक संपलेली नाही. कवितेला शिळेपण येतं ते कवीची नजर उथळ असल्यामुळे. त्याचा दोष बातमीवर टाकणं अन्यायाचं आहे. शिवाय केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. 'करमणूक', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांतूनच ते लोकांपर्यंत पोचले. त्या काळच्या रसिकांनी नियतकालिकं टाळली असती, तर केशवसुत त्यांना भेटलेच नसते.

म्हणून बाभुळगावातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कविता करणाऱ्या मुलांच्या हातातून वर्तमानपत्र काढून घेऊ नका. कापसाचा भाव, शेतकऱ्याच्या आत्महत्येची चार ओळींची बातमी, गावातल्या पाण्याची तक्रार, हे सगळं त्यांना वाचू द्या. आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं आधी मन लावून ऐका, मग दुरुस्त करा.