‘यस, उस्ताद’ म्हणण्यापूर्वी

गेल्या सत्रात परेड सरावाची वेळ हाऊसला कळवण्याचे काम माझ्याकडे होते. उस्ताद हिंदीत म्हणाले, ‘‘पाँच पैंतीस.’’ मी जोरात ‘‘यस, उस्ताद!’’ म्हणालो आणि हाऊसमध्ये येऊन पावणेसहा सांगितले. पैंतीस आणि पैंतालीस यांत माझा मराठी कान अजूनही घोटाळा करतो. सगळे हाऊस दहा मिनिटे उशिरा पोहोचले आणि सगळ्यांनी मैदानाला पाच चकरा मारल्या.

आमचे चकरांवर भागले. विमानांचे तसे भागत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच धडकली. ५८३ माणसे गेली. ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ असे केएलएमच्या विमानातून मोघम सांगितले गेले. टॉवरला वाटले, विमान उभे आहे. टॉवर ‘ओके’ म्हणाला. ‘थांबा, मी सांगतो’ हे त्याचे पुढचे शब्द दुसरे विमान त्याच क्षणी बोलू लागल्याने नीट पोहोचले नाहीत. ते विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने काढली होती. कॅप्टनने ती उडवून लावली आणि तो गप्प बसला.

म्हणूनच आज वैमानिक महत्त्वाची सूचना नुसत्या ‘ओके’वर सोडत नाही. ती आकड्यांसह परत म्हणतो आणि कंट्रोलर ती ऐकून चूक असेल तर दुरुस्त करतो.

अर्थात तोंडाने म्हणणेही पुरेसे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमाने धडकून ३४९ जण गेले. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते, तरी ते त्याखाली उतरले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा एक होता आणि विमान चालवणारे दुसरे.

काही सीनियर म्हणतात, परत विचारणे म्हणजे ढिलाई. सैनिक हुकूम ताबडतोब पाळतो. मला हे पटत नाही. वैमानिकही हुकूमच पाळतो, पण कोणता हुकूम पाळायचा याची आधी खात्री करतो. म्हणून माझे मत असे, की वेळ, जागा किंवा आकडा असलेला प्रत्येक हुकूम कॅडेटने परत म्हणावा आणि देणाऱ्याने तो शेवटपर्यंत ऐकून घ्यावा. यात पाच सेकंद जातात.

परवा मी विचारले, ‘‘उस्ताद, तीन-पाँच?’’ त्यांनी क्षणभर रोखून पाहिले आणि म्हणाले, ‘‘हाँ, तीन-पाँच.’’

मी दहावीत आहे, म्हणून धाडस झाले. सहावीत नव्याने आलेला, हिंदी-इंग्रजी दोन्ही कच्चे असलेला मुलगा विचारणार नाही. तो ‘‘यस, सर’’ म्हणून धावत सुटेल. त्याला थांबवून ‘‘मी काय सांगितलं?’’ एवढे विचारणे आम्हा सीनियरांचे काम आहे.