पेट्रोल ओव्हर होतंय? आधी वायसर बघा, मग इथेनॉलला शिव्या द्या

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. तरी वाचा, कारण तुमच्या पॉवर विडरचा आणि माझ्या उसाचा याच्याशी थेट संबंध आहे.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या शेडात उभी आहे. कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगला. दिवाळीपासून तिचं एकच दुखणं. सकाळी दहा वेळा सेल्फ मारावा तेव्हा कुठं उठायची, आणि बाजारात अर्धा तास उभी केली की परत चालूच होत नव्हती. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा. प्लग काढले तर चारही ओले आणि काळेकुट्ट.

तीन मिस्त्र्यांना दाखवली. तिघांनी स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता निकाल दिला, "दादा, ई-२० पेट्रोलमुळं हाय हे." एक तर कार्बोरेटरच बदलायला निघाला होता. व्हॉट्सअॅपवर तेच. गाडी चालू होईना, इथेनॉल. अॅव्हरेज पडलं, इथेनॉल. टायर बसला तरी इथेनॉल म्हणायचं बाकी आहे. आणि दुसरीकडं आमचीच ऊसवाली मंडळी. त्यांचं म्हणणं, "इथेनॉलवर बोलू नकोस, आपलंच बिल त्यातनं निघतंय."

मला या दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

आधी पहिल्यांशी. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर सेट केलेल्या कार्बोरेटरात ई-२० घातलं की इंजिनाला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. आणि फ्लडिंग म्हणजे काय? इंधन जास्त, हवा कमी. एक कोरडा दुष्काळ, दुसरा ओला. मग ओले प्लग दाखवून इथेनॉलला दोष देणारा मिस्त्री नेमकं काय सांगतोय?

हे आपल्याला शेतात रोज दिसतं. पाण्याविना पीक कोमेजतं, आणि पाणी साचून मुळं गुदमरली तरी कोमेजतं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. न बघता पाणी सोडणारा पाणथळ पिकाला मारून टाकतो. मीही तेच करत होतो. गाडी उठत नाही म्हणून सकाळी चोक ओढायचो, वर अॅक्सिलरेटर चार वेळा दाबायचो. कार्बोरेटरात छोटा पंप असतो, प्रत्येक दाबाला तो पेट्रोलची पिचकारी मारतो. बुडालेल्या इंजिनाला मी अजून पाजत होतो.

शेवटी स्वतः बसलो. गाडी तापवून बंद केली, एअर फिल्टर काढला आणि बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात बघितलं. (बॅटरीच. काडी किंवा लायटर नाही, आणि शेजारी बिडीवाला उभा असेल तर त्याला आधी हाकला.) इंजिन बंद असतानाही आत थेंब-थेंब पेट्रोल पडत होतं. तापलेल्या इंजिनाच्या उष्णतेनं वाटीतलं पेट्रोल उकळून थोडं पाझरतं, ते जुन्या गाड्यांत इथेनॉल येण्याआधीही व्हायचं. पण हे थोडं नव्हतं.

वाटी उघडली. कार्बोरेटरची वाटी म्हणजे आपल्या गुरांच्या हौदाचा फ्लोट व्हॉल्व्हच. फ्लोट वर आला की निडल भोकात बसते आणि आवक बंद. मग बिघडायला जागा किती? फ्लोट कानाशी हलवला, आत पाण्यासारखा आवाज नाही. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा नाही. म्हणजे भोक नाही. (कुणाच्या पितळी फ्लोटला भोक निघालं आणि डाग मारायचा असेल, तर आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय ज्योत किंवा कय्या जवळ नेऊ नका, स्फोट होतो. आणि डाग कमीत कमी मारा. फ्लोट जड झाला की खोल बसतो, वाटीतली पातळी चढते आणि दुखणं परत सुरू.) निडलच्या बैठकीत बारीक लाल गंज अडकला होता. आणि त्या बैठकीखाली वायसरच नव्हती!

या वायसरच्या जाडीवर वाटीतली पेट्रोलची पातळी ठरते. जाड घातली की पातळी उतरते, काढून टाकली की चढते. मागच्या वर्षी एका गॅरेजात कार्बोरेटर साफ करून नवीन निडल टाकली होती. वायसर तिथंच कुठंतरी फरशीवर राहिली असणार. पाच रुपयांची वस्तू, आणि दोष गेला केंद्र सरकारच्या इंधन धोरणाला.

वायसर घातली, बैठक धुतली, फ्लडिंग गेलं. डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा वास. इतके दिवस जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरत होतं. ऑइल बदललं. हे विसरू नका, पातळ झालेल्या ऑइलवर गाडी पळवली तर बेअरिंग जातात.

आता दुसऱ्यांशी भांडण.

तो लाल गंज आला कुठून? टाकीतून. टाकी जुनी, गंज जुना, पण वर्षानुवर्षं तळाला चिकटून बसलेला. इथेनॉल असा गाळ सोडवतं, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं. पंपाकडं येणारा जुना रबरी पाइप बोटानं दाबला तर मऊ, चिकट, फुगलेला. तो इथेनॉल सोसणारा नव्हताच. आणि फ्लडिंग गेल्यावरही गार इंजिन लवकर उठेना, चढाला आचके देई. आता मात्र प्लग कोरडे आणि पांढरट. हा कोरडा दुष्काळ, हे खरं इथेनॉलचं दुखणं. पाइप बदलला, टाकी धुतली, पुढं एक जाळीचा फिल्टर टाकला, मेन जेट एक नंबर मोठा केला. फरक पडला. चोक मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ ठेवावा लागतो.

तेव्हा ऊसवाल्यांनो, "काही होत नाही" म्हणू नका. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के घटू शकतं. जुन्या गाड्यांसाठी संरक्षक इंधन म्हणून ई-१० मिळत राहावं, हेही त्यातच आहे. मग ते कुठं आहे? माझ्या तालुक्यातल्या एकाही पंपावर मला मिळालं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. त्यामुळं आता मागायचं ते सरकारकडंच.

आणि ते आपणच मागायला हवं. इथेनॉलचा पैसा आपल्याला मिळतो, मी नाकारत नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा एका आदेशात आपलं गणित कसं विस्कटलं, ते आठवा. ज्या धोरणावर लोकांचा राग साचतो ते टिकत नाही, आणि गेलं की पहिला फटका आपल्याला. एका नोझलला ई-१०, आणि प्रत्येक नोझलवर ठळक पाटी, एवढीच मागणी आहे. त्यानं उसाचं एक कांडंही कमी गाळलं जाणार नाही.

पण मागायला जाताना वायसर नसलेला कार्बोरेटर घेऊन जाऊ नका. समोरचा इंजिनिअर दोन मिनिटांत तुम्हाला खोटं पाडेल, आणि ज्याचा पाइप खरंच फुगलाय त्याचंही मग कोणी ऐकणार नाही.

पद्मिनी हौसेची आहे, पण पॉवर विडर, फवारणीचा पंप ही पोटाची यंत्रं. सहा-आठ महिने वाटीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात टाकता, मग हंगामात दोरी ओढून खांदा निखळतो. यंत्र ठेवण्याआधी टाकी रिकामी करा, कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. आणि इंजिन फ्लड झालंच, तर चोक पूर्ण आत. गाडी असेल तर अॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंपासारखा हाणू नका, आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. नाही उठली तर प्लग काढून पुसा आणि दहा मिनिटं थांबा.

ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी भांडायला जरूर यावं. फक्त येताना आपल्या प्लगचा फोटो आणावा, ओला आहे की कोरडा ते दिसेल असा.