शांत पडलेला रुग्ण झोपलेलाच असतो का?

अपघात, विषबाधा, मेंदूतील रक्तस्राव किंवा दम्याचा जोरदार झटका. अशा वेळी रुग्णाचा श्वास अपुरा पडला, तर डॉक्टर तोंडावाटे श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावतात. त्याने जीव वाचतो, याबद्दल शंका नको. बोलायचे आहे ते नळी टाकल्यानंतरच्या पहिल्या तासाविषयी.

नळी टाकताना सहसा लागोपाठ दोन औषधे देतात. एक गुंगीचे, दुसरे स्नायू सैल करणारे. दुसऱ्या औषधाने हातपाय, छाती, अगदी पापण्याही हलेनाशा होतात. पण त्याने शुद्ध हरपत नाही की दुखणे थांबत नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. स्कॉट स्मिथ यांनी या प्रकारचे औषध, क्युरारे, भूल न घेता स्वतःवर वापरू दिले. १९४७ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. शरीर पूर्ण लुळे पडले होते, तरी त्यांना सगळे ऐकू येत होते आणि समजत होते. मण्यार चावलेला माणूसही असाच निपचित दिसतो, पण आतून जागा असू शकतो.

खरी अडचण वेळेची आहे. इटोमिडेटची गुंगी काही मिनिटांत उतरते, केटामाइनची साधारण दहा-वीस मिनिटांत. रोक्युरोनियमने आलेले लुळेपण मात्र तासभर किंवा त्याहून अधिक टिकू शकते. मधल्या काळात झोपेचे आणि वेदनेचे औषध सुरू नसेल, तर घशात नळी असलेला माणूस जागा असतो आणि त्याला बोटही हलवता येत नाही. सेंट लुईस येथील २०२१ च्या अभ्यासात, आपत्कालीन विभागात व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या ३८३ रुग्णांपैकी १० जणांना असा अनुभव आल्याचे आढळले.

नाडी वाढते, रक्तदाब चढतो, डोळ्यांतून पाणी येते. या खुणा ओळखल्या पाहिजेत. पण त्या दिसल्या नाहीत म्हणून रुग्ण झोपला आहे असे समजू नये.

रक्तदाब कमी असताना गुंगी देणे धोक्याचे, असे डॉक्टर म्हणतात. ते खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे योग्य औषध निवडून थोड्या मात्रेने सुरुवात करणे. औषधच न देणे हा उपाय नव्हे. लुळेपण ओसरल्यावर गुंगी हलकी करता येते आणि करावीही, कारण विनाकारण खोल गुंगीने व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच: नळीचे सामान काढतानाच पुढच्या वेदनाशामकाची आणि गुंगीची सिरिंज भरून तयार असावी.

वाचकहो, नातेवाईक म्हणून आपण नम्रपणे विचारू शकतो, "डॉक्टर, झोपेचे आणि दुखण्याचे औषध चालू आहे ना?" सीटी स्कॅनला नेताना किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवताना पुन्हा विचारा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत माहितीचा हक्क पहिलाच आहे. रुग्णाजवळ बोलताना तो ऐकतो आहे असे धरूनच बोला. बरा झाल्यावर तो म्हणाला, "मला सगळं कळत होतं", तर भ्रम म्हणून उडवून लावू नका. डॉक्टरांना सांगा, गरज पडल्यास समुपदेशन मिळवून द्या.

ज्याला हूं की चूं करता येत नाही, त्याच्या वेदनेची विचारपूस इतरांनीच करायची असते.