घामाची पावती

जालन्यात टेनिस म्हटले की बहुतेकांना आधी टेनिस बॉलचे क्रिकेट आठवते. नेट लावून टेनिस खेळणारे त्या मानाने मोजके. पण वॉर्म-अपबद्दलची समजूत दोन्हीकडे सारखीच. खांदा दोनदा गरगर फिरवायचा, वाकून पायाचे अंगठे धरायचे आणि सर्व्हिसला उभे राहायचे. कोणी हटकलेच तर उत्तर तयार असते : मराठवाड्याच्या उन्हात अंग तापलेलेच असते, आणखी काय तापवायचे? उत्तर बिनतोड वाटते, पण टिकत नाही. घाम ही शरीर थंड ठेवण्याची सोय आहे. मे महिन्यात तो खुर्चीत बसल्या बसल्याही येतो. म्हणून मांड्या-पोटऱ्या धावायला तयार झाल्या असे कोणी म्हणत नाही. विश्रांतीत हृदयाने ढकललेल्या रक्ताचा 15 ते 20 टक्के वाटा स्नायूंना मिळतो, जोराच्या श्रमात तो 80 टक्क्यांपर्यंत जातो, आणि ही वाढ हालचालीनेच होते. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की 40 अंशांच्या उन्हात लांबलचक वॉर्म-अप घेतला तर खेळाडू खेळाआधीच दमतो. तेव्हा उन्हाळ्यात तो आटोपता घ्यावा, सावलीत घ्यावा, गाळू नये.

दुसरा आक्षेप अभ्यासू मंडळींचा आहे आणि त्याला वजनही आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात 1538 नव्या जवानांवर केलेला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. व्यायामाआधी पायांचे स्नायू ताणून धरणाऱ्यांना आणि न ताणणाऱ्यांना झालेल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यावरून वॉर्म-अपच फोल ठरवणे म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळणे. त्या अभ्यासात अंग गरम करण्याच्या हालचाली दोन्ही गट करीतच होते. फरक होता तो फक्त ताणून धरण्याचा. म्हणजे निकाल गेला तो अंगठे धरून उभे राहण्याच्या विरोधात, वॉर्म-अपच्या नव्हे. उलट बाजूला नॉर्वेतला 2008 चा अभ्यास आहे. 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींनी सुमारे 20 मिनिटांचा ठरावीक सराव केला, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्या सरावात ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही होते, शिवाय खेळ फुटबॉलचा. त्यामुळे सगळे श्रेय नुसत्या अंग तापवण्याला देता येत नाही. टेनिसमध्ये वॉर्म-अपने दुखापत हमखास टळते, असा दावा म्हणूनच करू नये. पण स्नायूचे तापमान एका अंशाने वाढले की झटक्याच्या हालचालीतली ताकद 2 ते 5 टक्क्यांनी वाढते, एवढे तरी मोजून पाहिलेले आहे. आणि टेनिस हा सगळा झटक्यांचाच खेळ.

तिसरा आक्षेप खास आपल्या मातीतला. समर्थ रामदासांचे जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. ते रोज 1200 सूर्यनमस्कार घालत, असे परंपरा सांगते. तेव्हा पहाटे सूर्यनमस्कार घातले की वॉर्म-अपची इंग्रजी थेरं हवीत कशाला? सूर्यनमस्कार उत्तमच, निश्चल ताणण्यापेक्षा कितीतरी सरस. पण सहाला घातलेले नमस्कार आठच्या मॅचला पुरत नाहीत, कारण स्वस्थ बसले की स्नायूंची ऊब थोड्याच वेळात ओसरते. शिवाय नमस्कारात शरीर पुढे-मागे वाकते; टेनिसपटूला आडवे धावून एका पायावर थांबायचे असते, कंबर पिळायची असते. नामवंत खेळाडूच्या सर्व्हिसमध्ये दंड खांद्यात सेकंदाला 2000 अंशांहून अधिक वेगाने आत वळतो. त्या खांद्याला त्याच प्रकारची, आधी हळू मग वेगाची हालचाल द्यावी लागते. परंपरेचाच दाखला हवा तर आखाड्यात बघावे : फावड्याने माती उकरून, जोर-बैठका काढून मगच पहिलवान जोडीदाराला हात घालतो.

राहिला वेळेचा प्रश्न. मॅचआधीची पाच मिनिटांची रॅली हाच वॉर्म-अप, असे मानणारे पुष्कळ. नियमात ही पाच मिनिटे आहेत, पण कमाल मर्यादा म्हणून. ती चेंडूची उसळी आणि टायमिंग जोखायला असतात, थंड पाय जागे करायला नव्हे. कोर्ट तासाभरासाठीच मिळते हे खरेच, मात्र या कामाला कोर्ट लागतेच कुठे? हलके धावणे, आडव्या उड्या, गुडघा उचलत चालणे, कंबर वळवणे, चेंडूविना रॅकेटचे दहा-बारा सावकाश स्विंग : हे सगळे दहा मिनिटांत होते, आणि आधीच्या जोडीचा शेवटचा गेम चालू असताना जाळीबाहेरची पट्टी रिकामीच असते.