हिशेब कोणाचा, हिशेबनीस कोणाचा?

खेड्यातील सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवाच्या किर्दीत चार-पाचशे रुपयांची तूट निघाली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. परंतु ज्यांच्या एका सहीवर देशोदेशीची सरकारे आणि बँका विश्वास टाकतात, त्या जागतिक लेखापरीक्षण पेढ्यांच्या नजरेखालून अब्जावधींची तूट निसटली, तर तिला व्यावसायिक त्रुटी असे सोज्वळ नाव मिळते. मेहकर-लोणारचा कार्यकर्ता विचारील, या परदेशी पेढ्यांशी आमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो वीजबिलाइतका जवळचा आहे.

आर्थर अँडरसन ही पेढी १९१३ साली शिकागोत स्थापन झाली. एका रेल्वे कंपनीच्या खोट्या हिशेबावर सही करण्यास संस्थापकाने प्रारंभीच नकार दिला आणि ते गिऱ्हाईक गमावले, अशी तिची ख्याती. पुढे याच पेढीला हिशेब तपासण्यापेक्षा सल्ला विकणे अधिक किफायतशीर वाटू लागले. २००० साली एन्रॉन कंपनीने तिला लेखापरीक्षणासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर दिले, तर सल्ला व इतर कामांसाठी सुमारे २ कोटी ७० लाख! ज्याचे दोष काढायचे त्याच्याच पंगतीला बसून जेवायचे, हा तो व्यवहार.

हीच एन्रॉन १९९२ साली महाराष्ट्रात आली. डिसेंबर १९९३ मध्ये तिच्या दाभोळ वीज कंपनीशी राज्य वीज मंडळाचा करार झाला. हा प्रकल्प महागडा व न परवडणारा म्हणून जागतिक बँकेनेही त्याला पैसा नाकारला होता. तरीही वीज उचलली वा न उचलली, मंडळाने पैसे मोजलेच पाहिजेत, अशी अट जनतेच्या गळ्यात बांधली गेली. भारतीयांच्या ‘शिक्षणा’साठी आपण दोन कोटी डॉलर खर्च केले, असे एन्रॉनच्या अधिकाऱ्याने १९९५ साली अमेरिकन काँग्रेसपुढे सांगितले. या शिक्षणाची फी कोणाकोणाला पोचली, हे खोदून विचारणारा हिशेबनीस कोठे होता? तो प्रश्न वेलदूर-अंजनवेलच्या कोळिणी विचारत होत्या आणि लाठ्या खात होत्या. अखेर मे २००१ मध्ये मंडळाने ही वीज घेणे थांबविले. तोवर मंडळाचे कंबरडे मोडले होते, आणि मंडळाचा पैसा म्हणजे रात्री-अपरात्री ओलिताला जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्याचाही पैसा होता.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळे काढले. आर्थर अँडरसनच्या कचेरीत एन्रॉनचे कागद यंत्रात घालून फाडले गेल्याचे उघड झाले. जून २००२ मध्ये ज्यूरीने पेढीला दोषी ठरविले. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून, ती शिक्षा रद्द केली; पण तोवर पेढी संपली होती. पाचातल्या चार उरल्या. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या अध्यक्षाने पाच हजार कोटींहून अधिक रोकड केवळ कागदावर असल्याची कबुली दिली. त्या ताळेबंदावर त्या चारांपैकी एकीच्या, प्राइस वॉटरहाउसच्या, भारतीय शाखेची सही होती. सेबीने २०१८ साली घातलेली दोन वर्षांची बंदी अपिलात २०१९ साली उठली.

हा दोष एखाद्या व्यक्तीच्या नीतिमत्तेचा नाही. तपासनिसाची नेमणूक आणि मेहनताना, दोन्ही ज्याची तपासणी व्हायची त्याच्याच हाती असतील, तर कुंपणच शेत खाणार. २०१३च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक मुदतीने बदलण्याचे बंधन घातले, काही सल्लासेवांना मनाई केली. हे पाऊल योग्यच आहे. पण पैसे देणारा हात तोच राहिला.

आता घराकडे पाहू. महाराष्ट्रात २०१३च्या दुरुस्तीने सहकारी संस्थांना सरकारी नामिकेतून आपला लेखापरीक्षक स्वतःच निवडण्याची मुभा दिली. म्हणजे शिकागोत जे सडले, त्याचेच बी आम्ही बुलढाण्यात पेरले. कोणी म्हणेल, पूर्वी सरकारी लेखापरीक्षक होते, तेव्हा तरी काय झाले? आक्षेप खरा आहे. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँक त्याच काळात पोखरली गेली. २०१४ साली केंद्राने परवान्याविना अडकलेल्या देशातील २३ जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, त्यांत नागपूर व वर्ध्याबरोबर आमचीही बँक होती. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव ऐन वेळी हाती न येण्याचे दुःख ठेवीदारांनी भोगले आहे. यावरून एवढेच सिद्ध होते की तपासनीस संचालकांच्या मुठीत नको, तसा मंत्र्यांच्या मुठीतही नको.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. लेखापरीक्षकाची नेमणूक आणि वेतन संस्थेपासून व सत्तेपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक मंडळाकडे द्यावे. तपासणी करणाऱ्याला त्याच संस्थेस सल्ला विकण्यास पूर्ण बंदी असावी. प्रत्येक अहवाल मराठीत, चावडीवर लागावा.

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत गावोगावी सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. चहा-चिवड्यावर त्या पाच मिनिटांत आटोपतात आणि लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा ठराव हात वर करून मंजूर होतो. साथींनी त्या सभेत उभे राहावे, अहवाल वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा, मागील वर्षीच्या दोषांची दुरुस्ती झाली काय हे विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. ज्याचा पैसा, त्यानेच हिशेब मागितला पाहिजे.