चेहऱ्यावरची आम्लपरीक्षा

लग्नसराई जवळ आली की ‘केमिकल पील’च्या जाहिरातींना बहर येतो. त्वचा उजळविणारा हा उपचार वस्तुतः मोजूनमापून केलेला दाह होय. आम्लाने वरचा थर गळून पडतो व त्याजागी नवा येतो. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल आदी द्रव्यांच्या अशा उपयोगाचे वर्णन केले. ग्लायकोलिक आम्लाचा सौम्य लेप बाह्यत्वचेपुरता राहतो. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल अधिक खोल जाऊ शकते. फिनॉल तर रक्तात भिनून हृदयाचे ठोकेही बिघडवू शकते.

मुरुमांचे डाग किंवा वांग यांवर तज्ज्ञाच्या हातून या उपचाराचा गुण येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जन्मजात वर्ण त्याने पालटत नाही. उलट सावळ्या त्वचेस इजा झाली, तर ती भरून येताना काळे डाग उमटण्याचा धोका अधिक. म्हणजे जो डाग घालवावयाचा, तोच गडद व्हावयाचा!

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये तीव्र आम्लांचे पील वैद्यकीय देखरेखीविना वापरू नयेत, असा इशारा दिला. आपल्याकडेही अशा द्रव्यांची विक्री तज्ज्ञांपुरतीच मर्यादित असावयास हवी. कायद्याइतकीच जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांची आहे. मुलीच्या सावळेपणास उणीव मानणे त्यांनी सोडले, तर तिला आम्लाच्या बाटलीकडे वळण्याचे कारणच उरणार नाही.